पेशीवरची बैलजोडी

एचआयव्हीबाधितांमध्ये एक बातमी दर दोन-तीन वर्षांनी नव्यानं फिरते. परदेशातला कुणी एक रुग्ण पूर्ण बरा झाला, त्याच्या अंगातला विषाणू गेला, गोळ्या बंद झाल्या. बातमी खोटी नसते. पण मोबाइलवरून फिरता फिरता तिचं शेपूट गळून पडतं आणि उरलेलं धड घेऊन माणसं आमच्याकडे येतात. "साहेब, त्या जर्मनीवाल्याचा बरा झाला म्हन्ते, मंग आमालेच जन्मभर गोया काऊन?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचं उत्तर एकदा सविस्तर लिहूनच काढावं असं वाटलं. काही जण तर विचारतही नाहीत, परस्पर गोळ्या थांबवतात. सरकारी रुग्णालयातल्या माणसाला त्यांची काळजी जास्त.

'तो उपचार तुमच्यासाठी नाही' एवढं सांगून मोकळं होता येतं. पण त्याचा अर्थ ऐकणारा 'गरिबासाठी नाही' असा घेतो, आणि खरं कारण पैशापेक्षा बरंच खोल आहे. ते पेशीच्या पृष्ठभागावर आहे.

आपल्या पांढऱ्या पेशी अंगभर फिरत असतात. बोटात काटा रुतला की तिथल्या पेशी काही छोटी प्रथिनं सोडतात. त्यांचा माग काढत पांढऱ्या पेशी काट्यापर्यंत पोहोचतात. या प्रथिनांना 'केमोकाइन' म्हणतात. माणसात त्यांचे जवळपास पन्नास प्रकार आहेत. त्यांना ओळखणारी प्रथिनं पेशीच्या आवरणात बसलेली असतात, ते 'केमोकाइन रिसेप्टर'. हे वीसेक. म्हणजे निरोप पन्नास आणि ते ऐकणारे कान वीस; एकेका कानाला अनेक निरोप ऐकावे लागतात. हा रिसेप्टर म्हणजे एक लांब धागा. तो पेशीच्या आवरणातून सात वेळा आतबाहेर शिवलेला असतो. याच घराण्यातल्या रिसेप्टरांवरच्या कामासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना २०१२ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. रक्तदाबाच्या, दम्याच्या, ॲलर्जीच्या कितीतरी नेहमीच्या गोळ्या याच घराण्यावर काम करतात.

१९९६ साली लक्षात आलं की एचआयव्हीला पेशीत शिरायला सीडी४ हे प्रथिन पुरत नाही, जोडीला एक केमोकाइन रिसेप्टर लागतो. बहुतेक वेळा तो असतो 'सीसीआर५', काही वेळा 'सीएक्ससीआर४'. भारतात एचआयव्हीचा 'सी' हा उपप्रकार सर्वाधिक आढळतो आणि तो मुख्यतः सीसीआर५ वापरतो. त्याच वर्षी दुसरी गोष्ट कळली. काही युरोपीय माणसांत सीसीआर५च्या जनुकातली ३२ अक्षरं गळालेली असतात. आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून असंच जनुक मिळालं तर सीसीआर५ पेशीवर येतच नाही, आणि अशा माणसाला एचआयव्हीची लागण सहसा होत नाही. उत्तर युरोपात शंभरात एखादा माणूस असा सापडतो. आपल्याकडे हे जनुक फारच विरळ.

बर्लिनमध्ये राहणाऱ्या टिमोथी ब्राउन या अमेरिकन रुग्णाला एचआयव्हीबरोबर रक्ताचा कर्करोगही झाला होता. त्यासाठी २००७ साली त्याला दुसऱ्याच्या मूलपेशी दिल्या. डॉक्टरांनी दाता मुद्दाम असा शोधला की त्याच्यात सीसीआर५ नव्हता. ब्राउनच्या गोळ्या सुटल्या आणि विषाणू परत आला नाही. तो २०२० साली गेला तो कर्करोग उलटल्यामुळे, एचआयव्हीनं नव्हे. हीच ती 'जर्मनीवाल्याची' गोष्ट. तिचं गळालेलं शेपूट म्हणजे हा उपचार कर्करोगासाठी होता. त्यात आधी रुग्णाची स्वतःची अस्थिमज्जा औषधांनी मारून टाकतात, आणि त्या काळात जंतुसंसर्गानं किंवा नव्या पेशींनी अंगावरच हल्ला केल्यानं माणसं दगावतात. रोज एक गोळी घेऊन शेतात कामाला जाणाऱ्या धडधाकट माणसाला कोणताही शहाणा डॉक्टर या आगीत ढकलणार नाही.

इथवरची गोष्ट बहुतेक बातम्यांत असते. कुलूप, किल्ली, दरवाजा. दरवाजाच काढून टाकला तर चोर येणार कुठून? समजायला सोपी आहे, म्हणून आम्ही डॉक्टरही तीच सांगतो. माझा आक्षेप इथेच आहे. गेल्या पंचवीस वर्षांत हे चित्र बदललं आहे आणि ते बदलल्याचं लोकांना कुणी सांगत नाही.

हे रिसेप्टर पेशीवर एकेकटे उभे नसतात. बऱ्याचदा ते जोडीनं असतात.

आमच्या हिंगणीकडे बोर नदीच्या काठानं कपाशी-सोयाबीनची शेतं आहेत. ट्रॅक्टर आले तरी डवऱ्याला अजून बैलच लागतात. बैलजोडी जिनं हाकली आहे त्या माणसाला पुढचं समजायला वेळ लागणार नाही. जोडी दोन सारख्या बैलांची असू शकते, दोन्ही गवळाऊ. किंवा एक गवळाऊ आणि दुसरा बाजारातून आणलेला भलत्याच जातीचा. जू एकदा मानेवर चढलं की दोघांची चाल वेगळी राहत नाही. एक पायानं अधू असेल तर दुसरा कितीही दांडगा असो, डवरा अधू बैलाच्या चालीनंच सरकतो. रिसेप्टरांचंही तसंच. सीसीआर५ची जोडी सीसीआर५शी जमते, सीसीआर२ या शेजाऱ्याशी जमते, सीएक्ससीआर४शीही जमते. प्रयोगशाळेत असं दिसलं आहे की सीसीआर२वर त्याचा निरोप येऊन बसला की जोडीतल्या सीसीआर५ला आपला निरोप पकडणं अवघड जातं. एकाच्या कानाशी कुणी बोलायला लागलं की दुसऱ्याला ऐकू येईनासं होतं.

आता मघाचं ३२ अक्षरांचं जनुक पुन्हा पाहू. एकाच बाजूनं, समजा फक्त आईकडून, ते मिळालेली माणसं लागणीपासून वाचत नाहीत, पण त्यांच्यात आजार सरासरी सावकाश वाढतो. निम्मे सीसीआर५ कमी झाले हे एक कारण आहेच. काही शास्त्रज्ञांनी आणखी एक मांडलं : तुटकं सीसीआर५ चांगल्या सीसीआर५शी पेशीच्या आतच जोडी जमवतं आणि त्यालाही वर पृष्ठभागावर येऊ देत नाही. अधू बैलानं धडधाकट बैलाला गोठ्यातच अडकवून ठेवावं, तसं. सीसीआर२चं एक कोडं याहून चमत्कारिक आहे. या रिसेप्टरच्या जनुकात एका अक्षराचा बदल असलेल्या माणसांतही एचआयव्हीचा आजार सावकाश वाढतो, असं १९९७ साली दिसलं. आता सीसीआर२मधून एचआयव्ही फारसा शिरतच नाही. ज्या दारानं चोर येत नाही त्या दाराची कडी बदलल्यानं चोरी कमी कशी होईल? स्पेनमधल्या संशोधकांनी उत्तर सुचवलं की बदललेला सीसीआर२ शेजाऱ्यांशी जोडी जमवून त्यांना विषाणूच्या हाती लागू देत नाही. सगळ्यांना हे पटलेलं नाही. सीसीआर२ आणि सीसीआर५ यांची जनुकं एकमेकांच्या शेजारीच आहेत, त्यामुळे फरक शेजारच्या जनुकातल्या दुसऱ्याच एखाद्या बदलाचा असू शकतो, असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे.

जोडी दिसते कशी, हेही सांगायला हवं, कारण वादाचं मूळ तिथे आहे. दोन रिसेप्टरांना चमकणारी दोन वेगवेगळी प्रथिनं चिकटवतात. ती एकमेकांपासून दहा नॅनोमीटरच्या आत आली तर एकाचा प्रकाश दुसऱ्याला मिळतो आणि रंग बदलतो. केसाची जाडी याच्या काही हजार पट असते. पद्धत देखणी आहे, पण प्रयोगशाळेत या पेशींमध्ये रिसेप्टर अनेकदा नैसर्गिकपेक्षा कितीतरी जास्त भरलेले असतात. घोराडच्या यात्रेतल्या गर्दीत दोन माणसांचे खांदे एकमेकांना लागले म्हणून ती नवरा-बायको ठरत नाहीत. २०१० साली सीएक्ससीआर४चा स्फटिक करून त्याची रचना काढली तेव्हा त्यात जोड्या दिसल्या, आणि जोडीवाल्यांची बाजू बळकट झाली. पुढे २०२० साली एकेक रेणू मोजणाऱ्या सूक्ष्मदर्शकांनी पाहिलं तर सीएक्ससीआर४ कमी असताना एकेकटा आढळला आणि संख्या वाढली तशा जोड्या वाढल्या. त्या जोड्याही क्षणात जमणाऱ्या आणि क्षणात मोडणाऱ्या. काही औषधं जोडी मोडतात, काही मोडत नाहीत, हेही त्यात दिसलं. म्हणजे बैलजोडीचा माझा दाखला इथे थोडा लंगडतो. हे जू दिवसभराचं नाही, घटकाभराचं आहे. पण घटकाभर का असेना, ते आहे.

ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती राहिली असती तर मी वर्तमानपत्राची जागा अडवली नसती. २००९ साली ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी असं दाखवलं की सीएक्ससीआर४वर बसणारं औषध, जे सीसीआर२ आणि सीसीआर५ला शिवतही नाही, ते जोडीदारामार्फत त्यांचंही काम बिघडवतं. उलट दिशेनंही तेच. औषधाच्या माहितीपत्रकावर मात्र 'निवडक' असा शब्द असतो : हे औषध फक्त अमुक रिसेप्टरवर काम करतं. एकेकट्या रिसेप्टरवर तपासलं तर ते खरंही असतं. जोडीतल्या रिसेप्टरवर तपासल्याशिवाय हा शब्द वापरायला परवानगी मिळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. केमोकाइन रिसेप्टर अडवून संधिवात, दमा, यकृताचा दाह बरा करू पाहणारी कितीतरी औषधं गेल्या तीस वर्षांत माणसांवरच्या चाचण्यांत आपटली. बाजारात टिकली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. त्यात एचआयव्हीसाठीचं मॅराविरॉक २००७ सालचं आणि सीएक्ससीआर४ अडवणारं प्लेरिक्साफॉर २००८ सालचं. सगळ्या अपयशांचं खापर जोड्यांवर फोडता येणार नाही. पन्नास निरोप आणि वीस कान असतील तर एक कान झाकून निरोप थांबत नाही, हे मोठं कारण आहेच. तरी एकेकटा रिसेप्टर समोर ठेवून औषध शोधायचं आणि ते जोडीच्या दुनियेत सोडायचं, या पद्धतीबद्दल जेवढा प्रश्न विचारायला हवा होता तेवढा विचारला गेला नाही.

प्लेरिक्साफॉरचं नाव विदर्भातल्या वाचकांनी लक्षात ठेवावं. अस्थिमज्जेत मूलपेशींना धरून ठेवण्याचं काम सीएक्ससीआर४ करतो. त्याची पकड सैल केली की मूलपेशी रक्तात उतरतात आणि गोळा करता येतात. सिकलसेलवर जनुक-संपादनाचा जो उपचार २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मंजूर झाला, त्यात रुग्णाच्या मूलपेशी याच औषधानं गोळा करतात, कारण एरवी वापरायचं इंजेक्शन सिकलसेलच्या रुग्णाला घातक ठरू शकतं. सिकलसेल आपल्या घरचा आजार आहे. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, कुठल्याही जिल्ह्यात जा, प्रत्येक मोठ्या गावात एखादं तरी घर सापडतं. या उपचाराची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर. आज ना उद्या तो स्वस्त होऊन इथे येईल. तेव्हा सीएक्ससीआर४च्या शेजाऱ्यांवर काय परिणाम होतो हे आपल्या रुग्णांत तपासलेलं असावं, एवढीच अपेक्षा.

याच घराण्यातला आणखी एक सदस्य आपल्याला हिवतापामुळे माहीत असायला हवा. तांबड्या पेशींवर 'डफी' नावाचा रक्तगट असतो. व्हायवॅक्स जातीचा हिवताप मुख्यतः याच डफीला धरून पेशीत शिरतो. पश्चिम आफ्रिकेत बहुतेक माणसांच्या तांबड्या पेशींवर डफी नसतो, म्हणून तिथे व्हायवॅक्स फारसा नाही. आपल्याकडे डफी जवळपास सगळ्यांकडे आहे, आणि व्हायवॅक्सही आहे. हा डफी खरं तर केमोकाइन पकडणाराच रिसेप्टर आहे, फक्त निरोप घेऊन आत काही सांगत नाही, मुका म्हणा. त्यानं केमोकाइन कसं धरलेलं असतं याची रचना २०२४ साली आयआयटी कानपूरच्या अरुण शुक्ला यांच्या गटानं काढली. भारतातल्या प्रयोगशाळेतून आलेलं हे काम जगभर वाचलं गेलं. आणि २००८ साली ऑक्सफर्डमधून आलेला निष्कर्ष असा की हा मुका डफी सीसीआर५शी जोडी जमवतो आणि त्याचं काम मंदावतो. हिवतापाचा दरवाजा आणि एचआयव्हीचा दरवाजा एकाच जुवाखाली! (व्हायवॅक्सचा विषय निघालाच आहे तर : ताप उतरला म्हणून प्रायमाक्विनचा चौदा दिवसांचा कोर्स अर्ध्यात सोडू नका. यकृतात दडलेला जंतू त्याच गोळीनं मरतो.)

पुन्हा आमच्या ओपीडीतल्या प्रश्नाकडे येतो. २०१८ साली चीनमधल्या ह जियानक्वी या शास्त्रज्ञानं गर्भातच सीसीआर५ तोडलेल्या जुळ्या मुली जन्माला घातल्याचं जाहीर केलं. पुढे त्याला तुरुंगवास झाला. जगभर निषेध झाला तो नीतीच्या मुद्द्यावर, आणि योग्यच. विज्ञानाच्या अंगानंही ते आंधळेपणाचं होतं. सीसीआर५ नसलेल्या माणसांत वेस्ट नाईल विषाणूचा आजार जास्त गंभीर होतो, हे त्याच्या बारा वर्षं आधी प्रसिद्ध झालं होतं. वेस्ट नाईलचा सख्खा भाऊ म्हणजे जपानी मेंदूज्वर. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत लहान मुलांना त्याची लस टोचावी लागते. ज्या दारानं एचआयव्ही येतो त्याच दारातून मेंदूच्या रक्षणासाठी धावणारी फौज बाहेर पडते. ते कायमचं विटांनी बुजवायचं का, हे युरोपातल्या माणसाच्या हिशेबानं ठरवून चालणार नाही. आपल्याकडे डास वेगळे, विषाणू वेगळे.

आणि सर्वांत ताजी गोष्ट तर दरवाजाच्या कहाणीलाच धक्का देणारी आहे. २०२३ साली जिनिव्हातल्या एका रुग्णाची माहिती आली. त्याला मूलपेशी देणाऱ्याचा सीसीआर५ अगदी धडधाकट होता, तरी गोळ्या थांबवल्यावर त्याच्यात विषाणू उलटला नाही. २०२४ साली म्युनिकच्या एड्स परिषदेत बर्लिनच्या दुसऱ्या रुग्णाची माहिती आली. त्याचा दाता एकाच बाजूनं तुटकं जनुक असलेला, म्हणजे सीसीआर५ पेशींवर आहे असा. दार उघडं असूनही चोर आला नाही. नव्या पेशींनी विषाणू दडलेल्या जुन्या पेशी हुडकून मारल्या असाव्यात, असं मानतात. मग ब्राउनमध्ये काम सीसीआर५ नसण्यानं किती केलं आणि नव्या पेशींनी किती, हा हिशेब पुन्हा मांडावा लागणार आहे.

म्हणून गोळ्या. १ एप्रिल २००४पासून सरकारनं एआरटी मोफत दिली, सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता. आज देशात सुमारे २५ लाख लोक एचआयव्हीसह जगतात आणि राज्यांमध्ये सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. आता बहुतेकांना दिवसाला एक गोळी पुरते. ती सीसीआर५ला हातही लावत नाही. विषाणू पेशीत शिरल्यावर त्याला आपली नक्कल करू देत नाही आणि आपल्या जनुकांत घुसू देत नाही. विषाणू रक्तात मोजता येणार नाही इतका दबला की जोडीदारालाही लागण होत नाही. गोळी थांबली की दडलेला विषाणू काही आठवड्यांत वर येतो. ब्राउनची गोष्ट ऐकून गोळ्या सोडलेला माणूस सहा महिन्यांनी क्षयरोग घेऊन वॉर्डात आला की त्याला रिसेप्टर समजावून सांगायची वेळ निघून गेलेली असते.

अलीकडे 'तुमचं सीसीआर५ जनुक तपासा, तुमची प्रतिकारशक्ती जाणून घ्या' अशा जाहिराती दिसतात. काही हजार रुपये घेऊन रंगीत अहवाल देतात. एका जनुकावरून एचआयव्हीचा किंवा आणखी कशाचा धोका सांगणारा असा अहवाल माझ्या टेबलावर आला तर मी तो बाजूला ठेवतो. जोडीतला दुसरा कोण, तो किती आहे, त्यावर कोणता निरोप बसला आहे, यातलं काहीच त्या कागदावर नसतं. तेच पैसे दुधात-डाळीत घाला, असं मी रुग्णांना सांगतो.

पैसे जिथे घालायला हवेत तिथे मात्र घातले जात नाहीत. पुण्यात भोसरीला राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था १९९२ साली उभी राहिली. आमच्या जिल्ह्यात सेवाग्रामला १९६९पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या एआरटी केंद्रांत वीस-वीस वर्षं नियमित गोळ्या घेणारी माणसं आहेत. काही जण औषधाशिवायही दीर्घकाळ बरे राहिले, काहींची प्रकृती औषध चालू असून झरझर उतरली. त्यांच्या पेशींवर सीसीआर५, सीसीआर२, सीएक्ससीआर४ किती आणि कोणत्या जोडीत आहेत, हे इथे पाहायला हवं. जोड्यांबद्दलचं बहुतेक ज्ञान युरोप-अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवरून आलं आहे. आपल्या रुग्णांचं रक्त तपासणीपुरतं घेतलं जातं आणि उरलेलं फेकलं जातं. रुग्णाची संमती घेऊन, नाव झाकून, त्यातल्या पेशी जपून ठेवल्या तर पुण्या-कानपूरच्या शास्त्रज्ञांना त्या पाठवता येतील. त्यासाठी पेशी वेगळ्या करणारं यंत्र लागेल, द्रवरूप नायट्रोजनची टाकी लागेल, ती वेळेवर भरणारा एक प्रशिक्षित तंत्रज्ञ लागेल. कंत्राटी नको, कायम पदावरचा. कंत्राट संपलं आणि टाकी भरायला कुणी नसलं तर दहा वर्षांचं रक्त दोन-तीन आठवड्यांत वाया जातं.